शिवेपलीकडचा कौल

मी तापट माणूस. गोव्यात घर घ्यायचं म्हटलं की घ्यायचंच. रामनगरच्या रस्त्यावरचं किराणा दुकान विकायचं, मडगावजवळच्या एका गावातलं बांधून तयार घर घ्यायचं, आणि उरलेलं आयुष्य समुद्राच्या वाऱ्यात काढायचं. ट्रकवाल्यांपासून बस कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगूनही झालं. माझ्या नावाने ‘अर्जुन निवास’ अशी पाटीसुद्धा रंगवून घेतली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं बायको विमल म्हणाली. मी ऐकतोय थोडाच!

आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाला कळ्या लावल्या. उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. झालं! दुसऱ्या दिवशी दुकान गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊन गोव्याला निघायचं ठरलं.

दुकान सांभाळणारी माझी थोरली लेक केशर सकाळी गल्ल्यावर होती.

“बाबा, आपल्या देवाची शीव कुठवर हाय?”

“गावाभायेरच्या वड्यापतूर. का गं?”

“मग गोव्याच्या जागेचं त्येला कशाला इचारलासा? तितल्या पंचायतीला इचारा की!”

मी भडकलो. “देवापरीस तू शानी व्हय?”

तिने दुकानाची किल्ली कमरेला खोचली. “आदी इचारायचं. मग किल्ली.”

चडफडत तिच्याबरोबर बसने गेलो. पंचायतीतला कारकून उद्या या म्हणाला, तर ही बाकावर बसूनच राहिली. शेवटी त्याने कंटाळून गावाचा नकाशा काढला. घराची जागा भातशेतीची होती. बांधायला परवानगीच नव्हती. उद्या कुणी पाडायला आलं, तर आम्हाला हूं की चूं करता येणार नव्हतं.

दुकानही गेलं असतं आणि छप्परही. पायरीवर बसलो. केशरने पाणी दिलं, पण ‘मी सांगितलं होतं’ असं एका शब्दानेही म्हणाली नाही. अशी लेक माझ्या पोटी आली, याचा मला त्या पायरीवर फार अभिमान वाटला.

गावी परतल्यावर गुरव भेटला, ओशाळला. “कौल खोटा पडला म्हनायचा?”

“खोटा कसा? देवानं पोरगी आदीच दिलती. मीच वळखली न्हाई.”

दुकान विकणं रद्द केलं, पण पाटी वाया घालवली नाही. उलटी करून दुकानावर लावली. ‘अर्जुन निवास’ भिंतीकडे, आणि रस्त्याकडे ‘केशर किराणा स्टोअर्स’. केशर कोण, असं कुणी विचारलं की मी तराजू खाली ठेवतो. सगळी हकीकत ऐकल्याशिवाय त्याला साखर मिळत नाही.