पश्चिमेच्या काचा

दिपालीनं जन्मात एकच इमारत जीव ओतून आखली होती, आणि तीच डोळ्यांनी न बघता पुरी झाल्याची सही तिनं देऊन टाकली होती.

नांदूरघाटच्या अलीकडं माळावर मुलींची निवासी क्रीडाशाळा आहे. कुस्ती नि कबड्डीच्या सेहेचाळीस मुली, बहुतेकींचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिपाली दिंद्रुडची. पत्र्याखाली उन्हाळे काढत शिकली, इंजिनिअर झाली, म्हणून या वसतिगृहाचा आराखडा तिनं हट्टानं मागून घेतला. वीज असो नसो, घर आपलं आपण गार राहिलं पाहिजे, एवढाच तिचा हेका. परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटांची दुहेरी भिंत, मधे वीतभर पोकळी. गच्चीवर पांढरा चुना. पश्चिमेला एकही खिडकी नाही. बाहेरची हवा जमिनीखालच्या रुंद नळांतून निवत खोल्यांत यावी आणि तापलेली हवा छतावरच्या उंच झरोक्यातून निघून जावी, अशी सारी योजना होती.

शेवटचे तीन महिने ती लातूरकडं पुलाच्या कामावर अडकली. ठेकेदारानं फोटो धाडले. झरोका दिसत होता, चुना दिसत होता. तिनं सही केली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वसतिगृह सांभाळणाऱ्या चंद्रभागाबाईंचा फोन आला.

"ताई, पोरी भाजायल्यात. तुमी म्हणलात गार राहील. एकदा येऊन बघा."

ती भर दुपारी पोचली आणि दारातच थबकली. रस्त्याकडची पश्चिमेची भिंत फोडून तिथं खालपासून वरपर्यंत काच बसवली होती. आत पाऊल टाकलं तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. तिनं सोबत आणलेला तापमापक चव्वेचाळीसवर गेला. बाहेर बेचाळीस होतं. नळांची तोंडं शोधत ती गुडघ्यांवर फिरली, तर सगळी सिमेंटनं लिंपून टाकलेली. साप येतील, शिवाय पाहुण्यांना भोकं दिसतील, असं कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. दुपारी पाच तास वीज नसायची, पंखे नुसते लटकत असायचे. पोरी आधी राहायच्या ती जुनी शेड उद्घाटनाच्या मांडवासाठी पाडली होती. पोरींना दुसरा आसराच नव्हता.

ती तशीच संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव यांच्याकडं गेली. त्यांनी तिला पाणी दिलं, सावकाश ऐकून घेतलं. इमारत रस्त्यावरून उठून दिसावी म्हणून काच आपणच सांगितली, हेही लपवलं नाही. पाच मेला उद्घाटन आहे, त्यानंतर काय ते बघू, म्हणाले. ती हटेना, तेव्हा त्यांनी कपाटातून कागद काढून तिच्यापुढं ठेवला.

"आराखड्याबरहुकूम काम झालं, असं लिवलंय यात. सही तुमचीच हाय ना, बाई?"

दिपालीनं कागद त्यांच्याकडं परत सरकवला. जिना उतरून ती वसतिगृहावर परतली.

त्याच दुपारी संस्कृती पडली. सोळा वर्षांची, राज्याच्या निवड चाचणीची तयारी करणारी कुस्तीगीर. सकाळचा सराव करून खोलीत आडवी झाली होती. घाम यायचा थांबला, बरळायला लागली आणि मग हाकेला ओ देईना. चंद्रभागाबाईंनी तिला ओल्या चादरीत गुंडाळलं. दिपालीनं गाडी अंबाजोगाईच्या दवाखान्याकडं पळवली. वाटभर ती एकच मनात म्हणत होती, ही जगू दे, बाकी माझं काहीही होऊ दे.

पोरगी जगली. पण मूत्रपिंडांना मार बसला होता. डॉक्टरांनी वर्षभर आखाड्याचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. तिचे वडील रामहरी नुकतेच तोडीहून परतले होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले, मग लेकीच्या उशाशी जाऊन बसले.

संस्थेचा निरोप आला, पोरींना घरी धाडा. ते बरंच, असं दिपालीला वाटलं. चंद्रभागाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"घरी गेलेली पोरगी माघारी येत न्हाई, ताई. लगीन लावून देत्यात. मी वीस वरसं बघायले."

दिपालीनं उठून गाडीतून छिन्नी नि हातोडा काढला आणि पहिल्या नळाच्या तोंडावर घाव घातला. तळहात सोलले. चंद्रभागाबाईंनी दुसरा नळ धरला. मुलींना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी जवळच्या फडातून उसाचं पाचट आणलं आणि आईबाप तोडीवर राहायला पाचटाची कोपी शिवतात तसे तट्टे शिवून काचांवर बाहेरून बांधले. दुसऱ्या दिवशी दुपारी आत चौतीस भरलं. पोरी फरशीवर पालथ्या पडून झोपल्या.

दिपालीनं इमारतीची मोडतोड केली, अशी विठ्ठलरावांनी पोलिसांत तक्रार दिली. दिपालीनं ठाण्यात सगळं लेखी दिलं, काच कशी बसली, नळ कसे बुजवले, आणि आपली सही न बघता केलेली होती हेही. चौकशी लागली. उद्घाटन रद्द झालं. पुलाच्या कामावरून तिला काढलं आणि तिच्या सहीवर यापुढं कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. त्या गडबडीत अकरा मुलींचे आईबाप येऊन त्यांना घेऊन गेले. संस्कृती दवाखान्यातूनच घरी गेली होती. चौतीस राहिल्या.

मेच्या अखेरीस ती संस्कृतीला भेटायला गेली. पोरगी दारात तांदूळ निवडत होती, चेहरा सुजलेला. आत पाहुणे बसले होते. रामहरींनी दिपालीला खुर्ची दिली आणि ते परत आत गेले. आतलं बोलणं ऐकू येत होतं. लग्नाचंच होतं.

अजून वय नाही, मी बोलते त्यांच्याशी, असं दिपाली म्हणाली. संस्कृतीनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"आता गार हाय का तिथं?"

"हाय."

"मग माझी खाट कुणाला दिली?"

दिपालीनं कुणाला नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं; नळाच्या तोंडाजवळची ती खाट दुसऱ्या मुलीला दिली होती. मग ती उठली आणि पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली.