तिचा राजीनामा

तिची बोटे आधी आठवतात, चेहरा नंतर. माघ सरत आला की माळव्यातले ऊन कोवळे असूनही थकलेले वाटते. त्या उन्हाचा एक चौकोन जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर उतरत असे आणि त्या चौकोनात तिचे हात असत. वाट पाहताना ते हात रिकामे राहू शकत नसत. शेजारी बसलेल्या माणसाच्या बाहीवरचा, माझ्या पदराच्या काठाशी लोंबणारा एखादा सुटा धागा त्यांना दिसे. ती नजर दुसरीकडेच ठेवून तो चिमटीत धरी, नखावर नख दाबून तोडी आणि तोडलेला धागा खाली न टाकता मुठीत ठेवी. पुकारा होईपर्यंत तिची मूठ रंगीत कुसळांनी भरून गेलेली असे, आणि बहुतेक दिवशी पुकारा होत नसे, पुढची तारीख होत असे.

धागे कापणे हेच तिचे काम होते. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवून आलेल्या शर्टांचे उरलेसुरले धागे कात्रीने काढून, झटकून, घडी घालून ती पुढे सरकवी. तिच्या वडिलांचे आयुष्य कापडाच्या गिरणीत सूत होण्यात गेले होते आणि मुलीच्या वाट्याला त्या सुताची टोके आली होती. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्या वस्तीतून प्रथम आवाज गेला आणि मग माणसे गेली. भोंगा वाजेनासा झाल्यावर तिच्या आईचे वरण कितीतरी दिवस लागत राहिले, कारण ते कधी उतरवायचे हे तिला भोंग्याने शिकवले होते. चौकाचौकात रंगीत टीव्हीची दुकाने उजळत होती, गल्लीच्या तोंडाशी काचेचे टेलिफोन बूथ उभे राहत होते, शहर नव्या चकाकीने ओलसर दिसत होते; आणि त्या चकाकीच्या मागच्या बाजूला, जुन्या गोदामांचे शटर अर्धे ओढून, असे लहान कारखाने सुरू झाले होते. तिथे बाविशीतली ही मुलगी सकाळी जाई आणि दिवेलागणीला परते.

मी तिची शाळेतली मराठीची बाई. आमची शाळा तेव्हा शेवटचे श्वास मोजत होती, वर्गात अकरा मुली होत्या आणि त्यांतल्या दुसऱ्या बाकावर ती बसे. तिची मराठी इंदूरच्या हवेत वाढलेली होती: क्रियापदे आमची, नामे बाजाराची, आणि मधूनच वडिलांच्या सोबत्यांकडून आलेली एखादी माळवी लकेर. तरीही शाळेत शिकलेले शब्द ती पाहुण्यांसाठी राखलेल्या पितळी भांड्यांसारखे जपून वापरी. एखादा जड शब्द वाक्यात नीट बसला की तिच्या हनुवटीला किंचित अभिमानाचा उठाव येई. पुढे मी त्या उठावाला घाबरू लागले, पण ते पुढे.

त्या कारखान्याच्या मालकाने अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत तिच्याशी जे केले, ते मी इथे लिहीत नाही. ते तिने ठाण्यात सांगितले, डॉक्टरणीला सांगितले, दंडाधिकाऱ्यांपुढे सांगितले. प्रत्येक वेळी तिचा स्वर अधिक सपाट होत गेला, वापरून गुळगुळीत झालेल्या पायरीसारखा. कारखान्यातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर ठाण्याच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांचेही सांगण्यासारखे तेच होते. फाटकाशी थबकल्या, एकमेकींकडे पाहिले आणि परत फिरल्या. तिने त्यांना कधी दोष दिला नाही. आपल्या शब्दांत त्यांचेही थोडे वजन घेऊन ती एकटी आत गेली. त्या एका फाटकातून आत जाण्याने तिच्या आयुष्यातली पुढची सात वर्षे बाकावर बसण्यात गेली; तारखेच्या दिवशी सोबतीला यायचा निरोप ती मला धाडी.

तिचे नाव मी लिहिणार नाही, कारण न्यायालयाच्या कागदांनीही ते लिहिले नाही. तिथे ती ‘अभियोक्त्री’ होती. पहिल्यांदा तो शब्द ऐकून ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली होती, “बाई, अभियोक्त्री म्हणजे मीच ना? मला वाटलं, कुणी मोठी वकीलबाई येणार आहे.” आणि त्या जागेला न शोभणारे हसू आम्हा दोघींना एकदमच फुटले होते.

तक्रार झाल्यावर महिन्याभराने कारखान्याचा म्हातारा मुनीम तिच्या घरी आला होता. हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्याने चहा घेतला, वडिलांच्या खोकल्याची चौकशी केली आणि टंकलिखित मजकुराचा एक मुद्रांकाचा कागद जमिनीवर पसरला. “राजीनामे पर साइन कर दो, बेटा. कारखाने का भी झंझट खतम, तुम्हारा भी.” वडिलांनी मान हलवली. गिरणी बंद होताना त्यांनीही अशाच मुद्रांकावर अंगठ्याशेजारी सही केली होती. “दे, दे,” ते म्हणाले, “आम्हीबी असेच दिले होते.” तिने वरचा ठळक शब्द वाचला. राजीनामा. हा तर तिच्या पितळी भांड्यांतला शब्द होता. औपचारिक पत्रलेखनाच्या तासाला मीच तो फळ्यावर लिहून दिला होता, त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. त्या जागी पुन्हा पाऊल टाकायचे नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे, असे तिला वाटले असणार. खालच्या ओळी कचेरीच्या फारसी-मिश्रित हिंदीत होत्या. त्यांच्याकडे तिने पाहिले नाही. सुंदर, शाळकरी, टपोऱ्या अक्षरात तिने सही केली.

ज्या दिवशी तिची उलटतपासणी झाली, त्या दिवशी, अशा खटल्यांत असते तसे, न्यायदालनाचे दार बंद होते आणि मी बाहेर होते. आतून टंकयंत्राचा आवाज येत होता, पत्र्यावर कुणी मोजून मोजून धान्य टाकावे तसा. दोन तासांनी ती बाहेर आली. घामाने कपाळावरचे केस चिकटलेले. पण चेहऱ्यावर, कित्येक महिन्यांनी, काहीतरी सुटल्याचा उजेड होता.

“कठीण होतं, बाई. पण एक प्रश्न मला येत होता,” ती म्हणाली. “त्यांच्या वकिलांनी कागद दाखवला. म्हणाले, ये राजीनामा आपने दिया है? मी सांगितलं, हां जी, मैंने ही दिया है. अपनी मर्जी से दिया है. किसी ने जबरदस्ती नहीं की.”

तिच्या हनुवटीला तोच उठाव होता.

व्हरांड्याखालच्या टपरीवरून पोह्यांची वाफ वर येत होती, बडीशेपेचा गोडसर वास हवेत तरंगत होता, कुणी कुणाला “अरे भिया, तारीख मिल गई क्या?” म्हणून हाका मारत होते, आणि मला जिच्यासाठी एकही सोपे वाक्य सापडत नव्हते ती ही मुलगी माझ्याकडे गुण मिळण्याच्या अपेक्षेने पाहत होती. शेवटी मी म्हणाले, “अगं, आपल्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्यांच्यात त्याला इस्तीफा म्हणतात. त्यांच्या कचेरीत राजीनामा म्हणजे… समझोता. दोन्ही बाजू राजी झाल्या, तक्रार उरली नाही, असा कागद.”

तिचा चेहरा एकदम बदलला नाही. पाण्यात बुडणारे कापड जसे आधी कडांशी गडद होते, तसे ते ज्ञान तिच्या डोळ्यांच्या कडांपासून आत शिरत गेले. मग तिने बाकावर बसून दोन्ही हात मांडीत पालथे ठेवले. त्या दिवशी तिने कुणाच्याही कपड्यावरचा धागा काढला नाही.

सरकारी वकील दमलेले, सज्जन गृहस्थ होते. त्यांच्या कोटाच्या बाह्यांना वर्षानुवर्षांची टेबले घासलेली होती. माझे बोलणे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे राम! इस्तीफा बोलती ना, बिटिया. ऐसे मुकदमे में राजीनामा चलता तो नहीं है, मैडम, पर बयान की हवा निकल जाती है. अब वो कहेंगे, जो राजी हो गई, वो सच्ची कैसे?” मग थोडे थांबून ते म्हणाले, “आप मराठी पढ़ाती हैं न? तो आप ही आइए.”

अशी मी शब्दकोश पिशवीत घालून साक्षीला उभी राहण्यासाठी त्या बाकावर बसू लागले. एक शब्द सांगायला मला चौदा महिने लागले. न्यायाधीश बदलून गेले, संप झाला, आरोपीच्या वकिलांच्या घरी लग्न निघाले, आरोपीच्या पाठीत कळ आली. तो मधूनमधून दिसे, इस्त्रीच्या सफारीत, कपाळावर गंध, ओळखीच्यांना नमस्कार करत. त्याच्याकडे पाहून कुणी म्हणाले नसते की हा वाट पाहतो आहे. वाट पाहणे तिच्या अंगावर मात्र दिसू लागले होते. तिच्या चालण्यातला झोक गेला, बोलताना वाक्याचा शेवट ती सोडून देऊ लागली, आणि जिना चढताना मधल्या वळणावर थांबण्याची सवय तिला तिशीच्या आतच लागली. त्याच काळात वडील गेले. जाण्याआधी ते पुन्हा पुन्हा म्हणत, “मीच म्हटलं होतं, दे म्हणून.” ती त्यांच्या पायांना तेल लावत राही.

अखेर एका वैशाखी दुपारी दार बंद झाले आणि मी आत होते. पंखा डोक्यावर कुरकुरत होता, खिडकीच्या जाळीतून आलेले ऊन फायलींच्या लाल फितींवर पडले होते. मी शब्दाचा अर्थ सांगितला, कोशाचे पान उघडून दाखवले. आरोपीचे वकील हसले. “वाह मैडम. पैदा यहीं हुई, पोहे-जलेबी यहीं के खाए, और राजीनामा समझने के लिए पूना जाएगी?” खोलीत बारीक हशा झाला. नव्याने आलेले न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा उभे करायला सांगितले आणि चष्मा काढून, जवळजवळ घरातल्या स्वरात, विचारले, “तुम बताओ. जब दस्तखत किए, तब किस बात पर राजी थीं?”

इतक्या वर्षांत प्रत्येकाने तिला विचारले होते, काय झाले, कुठे झाले, किती वेळ झाले. ती कशाला राजी होती आणि कशाला नव्हती, हे तोवर कुणी विचारलेच नव्हते. पंख्याची दोन-तीन आवर्तने झाली. मग तिच्या त्या मिश्र, बाजारी, निर्दोष बोलीत ती म्हणाली, “साहब, नौकरी छोड़ने को राजी थी. उसको छोड़ने को नहीं.”

टंकलेखकाची बोटे थांबली. न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “लिखिए. जैसा बोला, वैसा ही लिखिए.” मग यंत्र पुन्हा वाजू लागले, आणि ते वाक्य एकेका अक्षराने कागदात उमटत असताना मी प्रथमच तिला डोळे मिटून उभी राहिलेली पाहिले.

निकाल पुढच्या हिवाळ्यात लागला. तो कागद समझोता मानला गेला नाही. तिचा शब्द खरा धरला गेला. त्याला शिक्षा झाली. बातमी कळली तेव्हा तिला आनंद झाला की नाही, हे मला सांगता येणार नाही. “झालं का, बाई?” एवढेच तिने विचारले, फार लांबच्या प्रवासात गाव आले की शेजाऱ्याला विचारतात तसे. झाले नव्हते. पंधरवड्यातच त्याने वरच्या न्यायालयात अपील केले, जामीन मिळवला, आणि गंध लावून तो पुन्हा आपल्या गल्लीतून हिंडू लागला.

आता ती इंदूरबाहेर, राऊकडे राहते. तिकडे शेतांतून नव्या वसाहती उठत आहेत. त्यांतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत ती बायकांचे ब्लाउज शिवते आणि दार दिवसभर सताड उघडे ठेवते. शेवटची भेटली तेव्हा तिचे केस कानांशी पांढरे झाले होते. मी अपिलाचे विचारले. “माझं काही काम नाही म्हणतात तिथे,” ती म्हणाली. “नुसते कागद वाचतात. मी नसले तरी चालतं.” आणि त्या बोलण्यात इतका निखळ, इतका खोल विसावा होता की पुढचे काही विचारणे मला क्रूरपणाचे वाटले. त्यानंतर तिने मला निरोप धाडला नाही, आणि मीही तिला मुद्दाम गाठले नाही. मला पाहिले की तिला ते बाक दिसत असणार.

मी मात्र वर्षातून एक-दोनदा वरच्या न्यायालयाच्या त्या मोठ्या इमारतीत जाते. खिडकीमागचा कारकून वही न उघडताच म्हणतो, “अभी लगी नहीं है, मैडम.” अपील अजून सुनावणीला आलेले नसते. मी जिना उतरते. ऋतू पालटतात, न्यायाधीश निवृत्त होतात, फायलीवर धूळ बसते आणि कुणीतरी ती झटकते. ज्या देहाने ते सगळे सोसले तो दूर कुठेतरी शिवणयंत्रावर वाकलेला असतो आणि इथे आठवणही काढत नाही. पण कुठल्याशा कपाटात, तिच्यावाचून, तिचे ते एक वाक्य जसे बोलले तसे पडून आहे. माणूस थकून निघून जातो आणि काळ त्याच्या मागे दार लावून घेतो. तरी त्याने मागे न घेतलेला शब्द आत उभा राहतो, आणि आपण ज्याला स्मृती म्हणतो ते कदाचित या उभे राहण्यापलीकडे काही नसते.