दुसऱ्याच दातांची रोटी

माझी सून तोंडानं खोटं बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी चार शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. तिनं खोटं भिंतीवर टांगलं. वर रोज सकाळी त्याच भिंतीखाली बसून माझ्या पियाल्यात चहा ओतत राहिली, आणि पापणीसुद्धा हलवली नाही.

मला कळलं ते रविवारी. खिळ्याखालची धूळ पुसायला स्टुलावर चढले आणि रोटी अगदी डोळ्यांसमोर आली. रोटी आमच्याच तंदूरची, मधली ठशाची नक्षीही माझीच. पण चावा माझ्या मुलाचा नव्हता.

घरातून माणूस लांब निघाला की उंबऱ्यात त्याच्यापुढे ताजी रोटी धरायची. त्यानं एक घास दातानं तोडायचा आणि मागं न बघता निघायचं. उरलेली रोटी भिंतीवर जाते. त्याच्या अन्नाचा शेर घरात शिल्लक आहे तोवर घर त्याला ओढतं. तो येतो आणि स्वतःच्या हातानं ती संपवतो. माझ्या सासऱ्यांची रोटी सगळं युद्ध याच खिळ्यावर होती. परत आले तेव्हा तोंडात मोजकेच दात उरलेले, पण पाण्यात भिजवून भिजवून त्यांनी ती खाल्ली, चुरासुद्धा ठेवला नाही.

माझा मिरवोसित कोरियात जहाजांच्या कारखान्यात गेला तेव्हा तंदूर मीच पेटवला होता. लहानपणी जर्दाळूची आठोळी फोडायला गेला आणि पुढचा दात अर्धा घालवून बसला. त्यामुळे तो चावला की मधोमध एक पट्टी तशीच राहते, दोन वाफ्यांमधल्या बांधासारखी. ती पट्टी मी सुरुवातीला रोज बघायची, पण हल्ली नजर अधू झाली, खालून नुसती रोटी दिसते. आणि आता समोर होता तो गुळगुळीत, इवलासा चावा. चिमणीनं घ्यावा तसा.

मग माझ्या मुलाची रोटी गेली कुठं?

घरात आम्ही दोघीच. मी काढली नव्हती. आणि ती, सानोबर, पहाटे अंगण झाडून, पाणी शिंपडून, तिच्या पाहुण्यांना घेऊन शहर दाखवायला गेलेली. हे तिचं काम. परदेशी लोकांना ताश्कंद फिरवते. महिन्यातून दोनतीनदा ते लोक आमच्या घरी येतात, द्राक्षाच्या मांडवाखाली बसतात, आणि मी तंदूरमध्ये वाकून रोट्या लावते ते डोळे फाडून बघतात. मला ते आवडत नाही. जरीचा रुमाल त्या दिवशी बांधते, पण तो माझ्या घराची लाज राखायला.

या पोरीचं नि माझं महिनाभर वाजत होतं. तिच्या कंपनीला ती पाहुण्यांबरोबर बुखारा, खिवापर्यंत जायला हवी होती, आठवडा आठवडा. मी सरळ नाही म्हटलं. नवरा परदेशात आणि सून परगावी, मोहल्ल्यानं माझ्या तोंडावर काय थुंकायचं? त्यात तिची आई, शहराच्या त्या टोकाला उंच इमारतीत राहणारी, सारखी म्हणते की जावई येईस्तोवर मुलीला माझ्याकडे पाठवा. येईस्तोवर म्हणते, मला तिचा अर्थ कळतो. मूल नाही, बाळ नाही. एकदा का ही त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चढली की खाली येत नाही.

स्टुलावरून उतरले तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात एकदम शिरलं. वाटलं, हिनं रोटी मुद्दाम काढली. त्याची वाट बघणं संपवलं हिनं. मग वाटलं, विकली असेल. परदेशी लोक काय वाटेल ते घेतात; एकानं माझा तुटका झारा मागितला होता. फोन करावा असं मनात आलं, पण असल्या गोष्टी कानानं विचारायच्या नसतात. समोरच्याचे डोळे दिसायला हवेत. संध्याकाळपर्यंत थांबणं माझ्यानं होणार नव्हतं. दुधावर झाकण ठेवलं आणि निघाले.

ती आधी हजरत इमामच्या चौकात जाते, हे मला माहीत होतं. चालत गेले. कबुतरं होती, शाळेची एक सहल होती, माझी सून नव्हती. मशिदीच्या दारावरचा म्हातारा म्हणाला, ती तुमची बडबडी सून ना, आत्ताच बाजाराकडे गेली. बडबडी. घरात तिच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशी लागते.

चोर्सू बाजाराच्या घुमटाखाली रोट्यांच्या रांगेत माझी जुनी मैत्रीण तुर्सुनोय बसते. तिनं मला बघितलं आणि जागा करून दिली. मी बसले नाही. ती म्हणाली, सानोबर येऊन गेली, पाहुण्यांना वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या चाखवल्या, एकाचं तोंड असं झालं की सगळी रांग हसली. पण हल्ली तुझी सून रोटी बघते आणि तोंड फिरवते, असंही म्हणाली.

"खोसियत-ओपा, पोरीला दिवस तर गेले नाहीत ना?"

"नवरा कोरियात आहे," मी म्हटलं. "दिवस काय टपालानं जातात?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी पुढं निघाले. रोटी बघून तोंड का फिरवावं?

मेट्रोत शिरले. सानोबर पाहुण्यांना प्रत्येक स्टेशनावर उतरवते, दिवे आणि खांब दाखवते आणि मग पुढच्या गाडीत चढवते. मीही तसंच करायला लागले. उतरायचं, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, दिसली नाही की पुढची गाडी. या गाडीनं मी किती वर्षं जातेय, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं. पिशवी सांभाळायची, जागा धरायची, लोकांचे जोडे बघत बसायचं. त्या दिवशी वर बघितलं तर छताला संगमरवराची फुलं. असू देत. मला माझी सून शोधायची होती, फुलांना मी काय करू?

निळ्या भिंतींच्या, अंतराळवीरांच्या स्टेशनावर एक परदेशी पोरगी आडवी आली आणि हातवाऱ्यांनी विचारलं, तुमचा फोटो काढू का? म्हणजे लोक शहर बघायला येतात आणि शहर म्हणजे मी. तिच्यामागं पाचसहा जण उभे. मला वाटलं, हेच सानोबरचे. तिचं नाव घेतलं तर सगळे हसून माना डोलवत राहिले. त्यांची वाट दाखवणारी दुसरीच होती, कुणी लाल केसांची. तिनं सांगितलं की सानोबर-ओपा कधीच पुढं गेली, दुपारच्या पुलावाला टीव्हीच्या टॉवरपाशी असेल, तिथं कढई रिकामी व्हायच्या आत पोचावं लागतं ना.

मी टॅक्सी केली. चालवणारा गप्पिष्ट होता. विचारायला लागला, खाला, पुलाव खायला इतकी घाई? मी म्हटलं, गाडी चालव, नाहीतर तुलाच शिजवीन. त्यानं गाडी पळवली.

टॉवरखालच्या पुलावघरात मोठाल्या कढया उघड्यावर मांडलेल्या, लोक त्यांच्याभोवती गोळा झालेले. तिथं ती दिसली. पाहुण्यांना घेऊन कढईपाशी उभी, हसत होती, एक हात हलवत होती, गाजर कसं चिरतात ते बोटांनी दाखवत होती. खरंच बडबडी. ही मुलगी माझ्या घरात राहते आणि मी हिला कधी बघितलं नव्हतं. एका खांद्याला पिशवी, आणि त्या बाजूचा हात पिशवीवरून ती काढत नव्हती. एवढा वेळ, एवढ्या गर्दीत, एकदाही नाही.

तिनं मला पाहिलं आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. पाहुण्यांना टेबलापाशी बसवून ती माझ्याकडे आली. मागं तुतीच्या झाडाखाली, जिथं कढया घासतात, तिथं मी तिला नेलं.

"पिशवी उघड," मी म्हटलं.

तिनं आतून धुतलेल्या फडक्यातलं गाठोडं काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. मी गाठ सोडली. माझ्या मुलाची रोटी. चावा तसाच, मधला बांध तसाच. पण चाव्याच्या बाजूला मोठा तुकडा मोडलेला, आणि शेजारी हातरुमालात चुऱ्याची पुरचुंडी.

मी रोटी ओठांना लावली, कपाळाला लावली. मग विचारलं, हे कुणी केलं?

तिनं सांगितलं. मी शेजारच्यांच्या बाळाला पाळण्यात घालायच्या कार्यक्रमाला गेले होते त्या दिवशी पाहुणे घरी आले होते. सगळे अंगणात तंदूरपाशी. त्यांच्यातला एक म्हातारा, कानानं अधू, आत एकटाच बसला. तिनं आत येऊन पाहिलं तर त्यानं रोटी खिळ्यावरून काढलेली. एक चावा आधीच घेतलेला बघून त्याला वाटलं, चाखायलाच लावलीय. दगड झालेला तो तुकडा चहात बुडवून बुडवून तो खात होता, आणि अंगठा वर करून छान, छान म्हणत होता.

मला हसू आलं. खरं सांगते, एवढा सगळा दिवस पोटात घेऊन फिरले आणि हसू आलं. पण ती हसत नव्हती.

म्हटलं, अगं, मग मला सांगायचं. मी ओरडले असते. मी रोजच ओरडते.

ती म्हणाली, सांगणारच होते. पण त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. मिरवोसितनं करारावर सही केली होती. अजून दोन वर्षं तिथंच. आईला तू सांगू नकोस, मीच सवडीनं सांगेन, असं म्हणाला. सवडीनं म्हणे.

"सकाळी रोटी मोडली आणि संध्याकाळी हे, आई," ती म्हणाली. "पाहुण्यांना मी ही गोष्ट रोज सांगते. आमच्यात असं मानतात म्हणते, हसते, तेही हसतात. आणि त्या दिवशी मलाच ते खरं वाटलं. माझ्या हलगर्जीपणामुळे झालं."

रोटी टाकता येत नाही, जाळता येत नाही, घरात ठेवली तर मला सापडणार. म्हणून तेव्हापासून ती खांद्यावर घेऊन फिरत होती. मशिदीत, बाजारात, मेट्रोत, सगळीकडे. तुर्सुनोयच्या दुकानापुढं तोंड का फिरवत होती ते आत्ता मला कळलं.

मी कढया घासणाऱ्या बायकांकडे बघत उभी राहिले. दोन वर्षं. आणि मला सांगायची हिंमत नाही. रोटी मोडली म्हणून तो थांबला, हे मी मानू? त्यानं सही त्याच्या हातानं केली, म्हाताऱ्याच्या दातानं नाही. पण क्षणभर मीही मानलं होतं हेही खरं, ते मी तिला दाखवलं नाही.

"भिंतीवरची कुणी चावली?" मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"मी."

"का?"

"खिळा रिकामा बघवेना. पहाटे एक भाजली, तंदूरच्या कडेला वाळवली. चावताना रडू येत होतं, म्हणून घास छोटा झाला."

पाहुण्यांपैकी एक बाई टेबलावरून तिला हाका मारत होती. ती वळली नाही. मान खाली घालून माझ्यापुढं उभी, जशी लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सलामाला उभी राहिली होती तशी. आता मी काय म्हणते त्यावर तिचं सगळं होतं. मी शिव्या दिल्या असत्या तर ती संध्याकाळी कपडे भरून आईच्या त्या लिफ्टमध्ये चढली असती, आणि कोणत्या तोंडानं मी तिला अडवलं असतं? दोन वर्षं एकट्या बाईला काय सांगून घरात बसवून ठेवायचं? माझी सासू मला बसवून ठेवायची ते आठवलं. मला तेव्हा भिंती चावाव्याशा वाटायच्या. हिनं निदान रोटी चावली.

गाठोडं बांधून मी ते माझ्या पिशवीत ठेवलं. तिचा हात रिकामी पिशवी चाचपत राहिला.

मी तिला म्हटलं, "ऐक, आता माझा निकाल. मिरवोसितची रोटी मोडकी तर मोडकी, तिच्या खिळ्यावर जाईल, आणि आज त्याला फोन मी करणार. तू खोटी रोटी टांगलीस, त्याची शिक्षा अशी, की ती खोटी राहणार नाही. तिच्यासाठी शेजारी दुसरा खिळा मी ठोकते. दात तू लावलास, तेव्हा शेर तुझा. बुखाऱ्याला जा, खिव्याला जा, वाटलं तर कोरियाला जाऊन त्या भित्र्याला कान धरून आण. पण तुझी रोटी माझ्या भिंतीवर आहे, आणि ती तू माझ्यासमोर बसून संपवायची आहेस. तोवर मी मरत नाही. आता जा, तुझे पाहुणे पुलाव चमच्यानं खातायत, मला बघवत नाही."