मागणाऱ्याची जागा

"सीताबाई, भाऊंची खुर्ची कुठाय?" सरपंच मनोजने मंचावरून विचारलं.

खुर्ची होती. हातांची, पाठीवर टॉवेल टाकलेली. पण ती मागच्या खोलीत कुलपात होती आणि किल्ली सीताबाईच्या पदराच्या गाठीत.

खारबावजवळच्या त्या गावात ग्रामसभेची एक जुनी चाल होती. मागणं घेऊन येणाऱ्याने दारात चपला काढून उभं राहायचं, ऐकणाऱ्यांनी बसायचं. नळ मागणारी बाई उभी राही, रस्ता मागणारे पाड्यावरचे लोकही. केसरीनाथ भाऊ आमदार असताना ऐकायला येत, म्हणून त्यांची खुर्ची मंचावर मधोमध असे. ती मांडायचं काम ग्रामपंचायतीची शिपाई म्हणून सीताबाईचंच.

गेल्या निवडणुकीत भाऊ पडले आणि होळीच्या आत एका गोदामवाल्या कंपनीचे सल्लागार झाले. आज ते गावचं गुरचरण कंपनीला मिळावं, असा ठराव मागायला आले होते. हेच गुरचरण वाचवायला पूर्वी विधानसभेत भाऊच बोलले होते. कुठल्या खात्यात कागद कुठे अडतो, कुठला साहेब कशाने मऊ होतो, हे ते आमदारकीत शिकले. ती शिकवणी झाली गावाच्या मतांवर, आणि आता ती कामी येणार होती कंपनीच्या. सीताबाईच्या दोन म्हशी त्याच गुरचरणावर चरत.

"खुर्ची न्हाय काढनार," ती म्हणाली. "आज भाऊ मागायला आलेत."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ग्रामसेवकाने समजावलं, माजी आमदाराने कंपनीचं काम करू नये असा काही कायदा नाही.

"कायदा नसंल. चाल हाय."

भाऊ जवळ आले. आवाज घरातल्यासारखा मऊ. "पंढरी गेला तवा त्याच्या जागेवर तुला कोनी लावलं, सीताबाय?"

नवऱ्याचं नाव भरसभेत निघालं. पण तिची मान खाली गेली नाही.

"तुमीच. तवा आमचं बोलनं घेऊन तुमी मुंबईला जायचे. आता दुसऱ्याचं बोलनं घेऊन आमच्याकडं आलाय. पाच वरसं थांबा की, भाऊ. तवर सायबलोक तुमाला इसरतील. मंग या, कंपनीचं सांगा."

मनोज हा भाऊंचाच माणूस. त्याने तिला किल्ली टेबलावर ठेवायला सांगितलं, आणि उद्यापासून कामावर येऊ नको म्हणूनही सांगितलं.

गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. तिने किल्ली ठेवली. आजवर प्रत्येक सभेत ती पाण्याच्या माठाशेजारी उभी असायची. आज ती सतरंजीवर बायकांमध्ये जाऊन बसली. बायकांनी सरकून जागा दिली.

खुर्ची कोण आणतो म्हणून मनोजने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी उठलं नाही.

"बोला भाऊ," सीताबाई म्हणाली. "आमी ऐकतो."

भाऊंनी दाराकडे पाहिलं. तिथे चपलांचा ढीग पडला होता. सभेत बूट फक्त त्यांच्याच पायात होते.