चोंदलेली हाक

धर्मराज मोकाशींना घरात सगळे आबा म्हणत. ताटात पडेल ते खावं, सून सांगेल ती भाजी कामोठ्याच्या बाजारातून आणावी, संध्याकाळी नातीला बागेत न्यावं, असा त्यांचा सरळ कारभार. म्हणून अनुयाच्या ऑपरेशनलाच त्यांनी नाना फाटे फोडावेत, याचं त्यांच्या सुनेला, पद्मजाला, नवल वाटत होतं.

सहा वर्षांच्या अनुयाचे टॉन्सिल सुजलेले आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या. पोर तोंडानं श्वास घ्यायची आणि बोलायची ती नाक दाबून धरल्यासारखी. दुपारचा चहा झाला की पद्मजा तिला पिटाळायची आणि ती दारातून ओरडायची, "आबा, चहा दिवतोय!" निवतोय म्हणायला नाकात जागा कुठे होती? शेजारची मुलं हसायची. आबा मात्र पेपर वाचल्याचं सोंग करून दुसऱ्या हाकेची वाट पाहत.

कारण ती हाक अरुंधतीची होती. आबांच्या बायकोचं नाक जन्मभर चोंदलेलं. पनवेलच्या बाजारपेठेतल्या दोन खोल्यांत ती लग्न होऊन आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "सर्दी उतरली की बोलेल नीट." ती सर्दी काही उतरली नाही. अंगणात गप्पा छाटत बसलेल्या नवऱ्याला ती रोज हाक मारायची, "अहो, चहा दिवतोय." अनुया जन्मायच्या आधीच ती गेली. आणि मग एका दुपारी तीच हाक नातीच्या तोंडून आली. आबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, की मला पोरीचं दुखणं आवडतं?

डॉक्टरांकडे ते मुद्दाम बरोबर गेले. "आवाज बदलेल का हो?"

"थोडा बदलेल. चोंदलेपणा जाईल. सुरुवातीला काही दिवस नाकातून जास्त हवा आल्यासारखं वाटेल, मग आपोआप ठीक होईल. काळजीचं काही नाही."

आबांना काळजी नेमकी त्याचीच होती. आधी गणपती होऊ देत म्हणाले, मग दिवाळी, मग थंडीत नको. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, ओव्याची पुरचुंडी, सगळं झालं. पद्मजा शेवटी वैतागली. "आबा, आज दुपारी ती झोपली की जरा शेजारी बसा. मग सांगा."

आबा बसले. अनुया तोंड उघडं टाकून घोरत होती. मध्येच घोरणं थांबलं. छाती हलायची, पण श्वास येईना. आबांचा हात तिच्या खांद्याकडे गेला, तेवढ्यात ती दचकून कण्हली आणि हवा ओढून पुन्हा झोपली. अरुंधतीही अशीच झोपायची. सकाळी उठल्यावर डोकं धरून बसायची, आणि सगळे तिला आळशी म्हणायचे. आबांना स्वतःची लाज वाटली. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "मिळेल ती पहिली तारीख घे."

ऑपरेशन झालं. आठवडाभर अनुया मऊ भातावर आणि आईस्क्रीमवर राहिली, बारीक आवाजात पुटपुटत राहिली. महिन्याभरात आवाज स्थिरावला. स्वच्छ, मोकळा. आबांना वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी बोलतेय.

"आबा, चहा निवतोय!"

ते हलले नाहीत. अनुया जवळ आली, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिनं दोन बोटांनी नाक चिमटीत धरलं.

"आबा, चहा दिवतोय."

हुबेहूब तीच. आबांना वाटलं, आणखी एकदा म्हणायला सांगावं, रोज सांगावं. पोरीलाही गंमत वाटली. ती नाक धरूनच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि चेहरा लाल होऊ लागला. आबांनी तिची बोटं हळूच सोडवली.

"असं नको करू, बाळा. श्वास घे."

अनुयानं तोंड मिटून नाकानं भरभरून श्वास घेतला. आबांचे डोळे वाहायला लागले होते, नाकही गच्च भरलं होतं. तिचा हात धरून ते उठले.

"चल," ते म्हणाले, "चहा दिवतोय."

अनुया खुदकन हसली. "आबा, आता तुझं पण ऑपरेशन करायला हवं."