विणीच्या ओढ्यावर

खाबेलेला ट्राउट मासा सापडत नाही, असं ‘हा मोयाने’ नावाच्या आमच्या डोंगरी गावात कुणी म्हटलं असतं तर लोक त्यालाच हसले असते. खाणीतली नोकरी सुटल्यावर खाबेले गावी परतला आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना त्स्वेने नदीवर मासेमारीला नेऊ लागला. पाहुणे गळाच्या भारी काठ्या घेऊन यायचे आणि उतरल्या उतरल्या पाण्यात घुसायचे. हा त्यांना आधी काठावर बसवायचा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याच्या शेपटीकडून जायचं, वाकून चालायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. नदीतला एखादा दगड उलटा करून त्याखाली कुठले किडे चिकटलेत ते बघायचं आणि त्याच रंगाची, पिसांची बनवलेली खोटी माशी गळाला बांधायची. पहिला गळ जवळच टाकायचा, कारण मोठा मासा पुष्कळदा काठाखालच्या कपारीत, आपल्या पायाशीच असतो. एवढं ज्यानं ऐकलं तो सहसा रिकाम्या हातानं गेला नाही. खाबेलेमुळे गावात पाहुणे वाढले, लोकांची घोडी भाड्यानं जाऊ लागली, पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या माझ्या दोन झोपड्या उन्हाळाभर भरलेल्या असायच्या.

नियमही त्याचाच. हिवाळ्यात ट्राउट मोठी नदी सोडून वरच्या उथळ ओढ्यात विणीला चढतात. मादी शेपटीनं गोटे सारून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. त्या दिवसांत माशांना कशाचं भान नसतं. वाकून पाण्यात हात घातला तरी मासा हाती लागतो. म्हणून हिवाळ्यात त्या ओढ्याकडे कुणी फिरकायचं नाही, असं खाबेलेनं आमच्या प्रमुखबाईंकडून ठरवून घेतलं होतं. गावालाही ते पटलं होतं.

तो नियम मोडला पोत्सानेनं. पोत्साने म्हणजे खाबेलेचा शेजारी. घोडी पाळायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या हिवाळ्यात बर्फानं घाट बंद झाला होता, त्याची बायको म्मातुमो दुखण्यातून नुकती उठत होती आणि घरात पीठ सोडून काही नव्हतं. हा पोतं घेऊन ओढ्यावर गेला. खाबेलेनं त्याला परतताना धरलं आणि तसाच गावसभेत आणला. सगळ्यांसमोर पोतं उपडं केलं. एक मादी उचलून सुरीनं पोट फाडलं, तशी अंड्यांची नारिंगी गाभोळी मातीत सांडली.

"बघून घ्या," खाबेले म्हणाला. "आपल्या पोरांचे उन्हाळे हा माणूस एका जेवणात खातो."

पोत्सानेनं रिकामं पोतं घडी करून काखेत धरलं. त्याची घोडी पाहुण्यांना द्यायची नाहीत, असा निकाल झाला. आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं, गाभोळ्या. आधी पोरं म्हणायची, मग मोठीही म्हणू लागली. मीही म्हटलंय. पुढे त्यानं घोडी विकली आणि तो दुसऱ्यांची जनावरं राखू लागला. त्याचा मुलगा तुमो खाली मैदानी मुलखात कामाला गेला, तो परत आला नाही.

पुढे खाबेलेच्या मुलीचं, थाकानेचं, लग्न ठरत आलं. मुलाकडचे खालच्या खोऱ्यातले, खाऊनपिऊन सुखी. पहिल्या भेटीत त्यांनी खाबेलेला ज्वारीची बियर आग्रहानं पाजली, आणि भरात येऊन हा बोलून बसला की आमच्याकडे याल तेव्हा मेंढरू तर कुणीही कापतो, मी तुम्हाला कोपरापर्यंतच्या हाताएवढा ट्राउट वाढीन. मुलीच्या बापाला द्यायच्या गुरांची बोलणी करायला ती मंडळी येणार होती ऐन हिवाळ्यात. हे त्याच्या ध्यानात आलं ते घरी परतल्यावर.

बायको म्हणाली, मेंढरू आहे, पालेभाजी आहे, ते काय मासे खायला येतायत? पण खाबेलेनं शब्द दिला होता. तो रोज नदीवर जाऊ लागला. काठाला बर्फाचा पापुद्रा, बोटं वाकत नव्हती, घोंगडीतून वारा आरपार जायचा. पाहुण्यांना शिकवलेलं सगळं त्यानं स्वतः करून पाहिलं. बारीक माशी, भडक माशी, तळाला बुडणारी माशी. उन्हं डोक्यावर यायची वाट पाहिली, खोल डोहात गळ फिरवला. डोह रिकामे होते. मासे कुठे गेलेत ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी त्यानं काठी घरीच ठेवली आणि तो ओढ्याकडे चढला.

पाणी घोट्याएवढं होतं. मासे एकमेकांना चिकटून, पाठी अर्ध्या उघड्या टाकून उभे होते. त्यानं बाह्या सारल्या, गुडघ्यांवर बसला आणि एका भरल्या पोटाच्या मादीला गालफडाशी धरून बाहेर काढलं. मग शेजारचा नर. तेवढ्यात वरच्या उतारावर घोड्यांच्या टापा वाजल्या. पोत्साने दुसऱ्यांची घोडी घेऊन उतरत होता. तो थांबला. खाबेलेच्या हातातला मासा अजून फडफडत होता.

"न्ताते खाबेले," पोत्साने बापाला हाक मारावी तसं अगदी अदबीनं म्हणाला, "सावली पाण्यावर पडतेय तुमची."

आणि घोडी हाकत निघून गेला.

खाबेले कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, असं त्यानंच पुढे सांगितलं. मासे परत सोडावेत असं मनात आलं, पण तोवर ते मेले होते.

घरी बायकोनं मासे साफ करायला घेतले. कुठे मिळाले, तिनं विचारलं. मोठ्या डोहात, तो म्हणाला. मादीचं पोट उघडलं आणि गाभोळी तिच्या तळहातावर आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चुलीतली लाकडं सारखी करत होता. ती मागच्या दारी गेली, खड्डा केला आणि ती गाभोळी पुरून आली.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. रिवाजाप्रमाणे शेजारचे पुरुष बोलणीला बसले. पोत्सानेलाही बोलावणं होतंच. तो आला आणि दाराजवळ बसला. जेवणात मेंढीचं मटण, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पापा, पालेभाजी, आणि मधोमध मोठ्या ताटात ते दोन मासे. मुलाच्या थोरल्या काकांनी ताट हळूच बाजूला सरकवलं.

"रागावू नका हं, व्याही," ते म्हणाले. "आम्ही जुनी माणसं. मासा म्हणजे पाण्यातला साप, तो आमच्या घशाखाली उतरत नाही."

तरुण मंडळींनी चव घेतली. विणीतला मासा, मांस पांढुरकं आणि पिळपिळीत. एकेक घास खाऊन सगळे मटणाकडे वळले. शांतता वाईट दिसेल म्हणून नवरामुलाच्या भावानं कौतुकानं विचारलं, एवढ्या थंडीत मासा मिळवता कसा? आम्हालाही शिकवा की. सगळे ऐकायला लागले. खाबेलेनं वाकून चालायचं सांगितलं, दगड उलटायचं सांगितलं. सावलीपाशी आला आणि त्याची जीभ अडखळली. दाराजवळ पोत्साने खाली बघत शांतपणे पापा मोडत होता. खाबेले पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेला. घरात वाढायला मीही होते. आम्हाला वाटलं, लेक जाणार म्हणून बाप हळवा झालाय.

बोलणी चांगली झाली, लग्नही झालं. खाबेले मात्र रोज वाट बघत होता, आज पोत्साने बोलेल, उद्या बोलेल. विहिरीवर दोघंजण हळू आवाजात बोलताना दिसले की हा वाट वाकडी करून जायचा. पण कुठूनच काही येईना. शेवटी, वर्ष उलटल्यावर, न राहवून एका सकाळी तो पोत्सानेच्या गोठ्यावर गेला. तिथे काय झालं ते त्यानं मला कितीतरी दिवसांनी सांगितलं.

त्यानं विचारलं, "गप्प का राहिलास?"

पोत्साने खरारा करत होता. हात न थांबवता म्हणाला, "तुमच्यासाठी नाही राहिलो. पोरगी उंबऱ्यावर उभी होती तुमची."

"म्हणजे?"

"आमच्या तुमोचंही जमलं होतं. मुलीकडच्यांनी गावात चौकशी केली. गाभोळ्याचं घर ते, असं कुणीतरी सांगितलं. मोडलं. म्हणून गेला तो."

खाबेलेला हे माहीतच नव्हतं. गावात बहुतेकांना नव्हतं. त्यानं विचारलं, आता मी काय करू? पोत्साने म्हणाला, "माझं पोतं कुठे ओतलं होतंत, ते आठवा."

पुढच्या गावसभेत खाबेले उभा राहिला. टोपी हातात घेतली आणि सगळं सांगितलं. ओढा, मादी, बायकोशी खोटं बोलणं, व्याह्यांसमोर मारलेल्या फुशारक्या. सांगताना मान वर नव्हती. त्याला वाटलं होतं लोक थुंकतील. तसं काही झालं नाही. कुणीतरी हसून म्हणालं, दोन माशांचं एवढं काय? म्हातारा लेफोसा म्हणाला, "अरे, व्याह्यांसाठी माणूस काय काय करतो. आणि तुझ्यामुळेच तर ही नदी आहे." माना डोलल्या. प्रमुखबाईही विषय बदलायच्या बेतात होत्या.

तेव्हा बायकांमधून पोत्सानेची बायको म्मातुमो उठली. ती सभेत कधी बोलत नसे.

"मी अंथरुणावर होते तेव्हा," ती म्हणाली, "माणूस काय काय करतो, असं कुणी म्हटलं नव्हतं."

आणि ती खाली बसली. मी अंगावरच्या घोंगडीची पिन उगीच काढून परत लावत राहिले. खाबेले तर मातीकडे असा बघत होता, जणू ती गाभोळी अजून तिथेच सांडलेली होती. त्यानं मागितलं, पोत्सानेला दिली तीच शिक्षा मला द्या. प्रमुखबाईंनी त्याला उन्हाळाभर नदीवर यायला बंदी केली आणि पोत्सानेची घोडी पुन्हा पाहुण्यांना द्यावीत असं जाहीर केलं. पोत्साने शांतपणे म्हणाला, "घोडी कुठायत?" तेही आम्ही विसरलो होतो.

दुसऱ्या सकाळी खाबेलेनं स्वतःची तपकिरी घोडी पोत्सानेच्या फाटकाला बांधली. दुपारी पोत्साने ती परत आणून सोडून गेला. पुन्हा बांधली, पुन्हा परत. शेवटी म्मातुमोनं लगाम आपल्या हातात घेतला. नवऱ्याला म्हणाली, "तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा. पाणी डोक्यावरून आणते ती मी." घोडी राहिली. पोत्साने आणि खाबेले मात्र त्यानंतर एकमेकांच्या घरी जेवले नाहीत. वाटेत भेटले की मान हलवायचे, तेवढंच. तुमोला दोन निरोप गेले. तो आला नाही.

त्या उन्हाळ्यात पाहुणे आले आणि बहुतेक हात हलवत गेले. माझ्या झोपड्या महिनाभर रिकाम्या पडल्या. लोक कुरकुरले, पण खाबेलेला परत बोलवा असं सभेत म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. थाकाने पहिलं बाळ घेऊन माहेरी आली तेव्हा बाप अंगणात बसून जुनी खोगिरं शिवत होता. नदीवर का नाही गेलात, तिनं विचारलं. त्यानं तिलाही सगळं सांगितलं, काही न वगळता.

ती बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी मासा खाल्ला की नाही, तेही आठवत नाही मला, न्ताते."

खाबेलेनं दोरा दातानं तोडला आणि दुसरं खोगीर पुढ्यात ओढलं.