गल्लीची कोंबडीगणना

सुट्ट्या लागून जेमतेम आठ दिवस झाले होते, आणि तेवढ्यात सरिताच्या घरातला लुडोचा पट फाटला होता, कॅरमचा स्ट्रायकर हरवला होता आणि मोबाइलचा नेटपॅक रोज सकाळी नऊलाच संपत होता. उन्हाळ्याची सुट्टी मुलांच्या विश्रांतीसाठी असते म्हणतात. विश्रांती मिळते ती मास्तरांना. मुलं आयांच्या गळ्यात पडतात.

सरिता आंधळगावात घरीच शिलाई करायची. इतकी वर्षं फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश यातच गेली. यंदा पहिल्यांदाच बपेरा गावच्या एका लग्नघरानं नवरीचे आणि करवल्यांचे मिळून आठ ब्लाउज तिच्याकडे टाकले होते. उद्या संध्याकाळी नवरीचा भाऊ ते न्यायला येणार होता. हे आठ अंगावर नीट बसले तर पुढची लग्नं आपल्या दारात येतील, नाहीतर जन्मभर फॉल-पिको, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आठांतले तीन झाले होते. आणि तिची दहा वर्षांची प्रतिक्षा, सात वर्षांचा अश्वजित आणि शेजारचा मोनू, तिघंही मशीनच्या पायाशी घर डोक्यावर घेऊन बसले होते.

“मम्मी, बोर होऊन राहिलं.”

“मम्मी, हा मले चिमटे घेऊन राहिला.”

“काकू, ते बॉबिन मी कुठं ठेवलं होतं?” मोनूनं विचारलं.

बॉबिन तांदळाच्या डब्यात सापडलं तेव्हा सरितानं मशीन थांबवलं. मागे कधीतरी मास्तर रजिस्टर घेऊन घरोघरी माणसं मोजत फिरले होते, ते तिला आठवलं. तिनं एक जुनी वही काढली आणि चेहरा शक्य तितका गंभीर केला.

“आपल्या गल्लीत कोंबड्या किती, कोणालेच मालूम नाही. घरोघरी जा अन् लिहून आणा. पण स्वतःच्या डोळ्यानं पाहून लिहाचं, ऐकीव आकडा चालणार नाही. अकरा वाजले की घरात.”

प्रतिक्षानं बापाचं जुनं ओळखपत्र दोरीसकट गळ्यात अडकवलं आणि ती एकदम साहेब झाली. तिघं निघाले. सरिताचं मशीन सुसाट सुटलं.

तासाभरानं दारात तुलाराम उभा. चार एकर धानाचा मालक, गावातला मानाचा माणूस.

“सरिताबाई, कोणती योजना आली? पोट्ट्यांनी माझ्या सातच कोंबड्या लिहिल्या. दोन आत अंड्यावर खुडूक बसल्या आहेत, त्या सुटल्या ना.”

“भाऊ, योजना नाही, पोरांचा खेळ हाय.”

“असं कसं? पोरीच्या गळ्यात कार्ड होतं.” तुलारामनं आवाज खाली आणला. “माझ्या दहा लिहून ठेवजो. उद्या खरंच काही आलं त?”

त्याच्यामागून आणखी दोन बाया आल्या. एकीनं तर शेळ्याही सांगून टाकल्या. सरितानं सगळ्यांना हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त वेळ लागत होता. मग ती पुन्हा शिवायला बसली, आणि पाचव्या ब्लाउजची बाही लावताना तिला जाणवलं की फार वेळ झाला, आपल्याला कोणी हाक मारलेली नाही.

घड्याळात साडेबारा वाजले होते.

बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलं होतं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. तिच्या मनात आधी आलं ते गावाबाहेरचं तळं, आणि तिची पाचावर धारण बसली. दोन ब्लाउजांच्या लोभापायी आपण पोरं उन्हात हाकलली, असं म्हणत ती धावत सुटली. दिसेल त्या दारात विचारत ती गल्लीच्या टोकाला, देवकाबाईच्या घरापाशी आली, तेव्हा आतून मोनूचा आवाज आला. सरिताचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर रागानं उकळायला लागला.

देवकाबाई सत्तरीची, एकटीच राहायची. तिच्या सावलीच्या पडवीत पन्ह्याचे तीन रिकामे ग्लास होते. अश्वजितचे फक्त पाय दिसत होते, बाकी तो धानाच्या कोठीखाली होता. मोनू तणसाच्या ढिगात कमरेपर्यंत घुसला होता. प्रतिक्षा पेन रोखून उभी.

“मम्मी, आजीनं अकरा सांगतल्या. आम्हाले एकच दिसून राहिली. दहा कुठंतरी लपल्या!”

मागच्या हिवाळ्यात रोग आला तेव्हा देवकाबाईच्या कोंबड्या गेल्या, उरली ती एक, हे सरिताला माहीत होतं.

“मावशी, माझा जीव जाऊन राहिला होता तिकडं!” ती म्हणाली. “एकच तर कोंबडी हाय तुमची. अकरा काहून सांगतल्या पोराइले?”

देवकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पकडली गेलेली शाळकरी पोर असावी तशी ती खाली बघत होती.

“एक म्हटलं असतं,” ती म्हणाली, “त एक लिहून निघून गेले असते ना, बाई.”

सरिताचा राग जागच्या जागी विझला. तिला भरून आलं आणि स्वतःची लाजही वाटली. या तिघांना कुठे ढकलू म्हणून ती सकाळपासून हैराण होती, आणि याच तिघांनी थोडं थांबावं म्हणून इथे एक म्हातारी खोटं बोलत होती.

“मम्मी, अकरा लिहू का?” प्रतिक्षानं विचारलं.

“नाही. पाहिल्याबिगर लिहाचं नाही.” सरितानं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला. “आज एकच लिही. बाकीच्या उद्या सकाळी येऊन शोधा लागतीन. दिवसभर लागन.”

देवकाबाईनं वर पाहिलं. मग पडवीच्या कोपऱ्यात पाय दुमडून बसलेल्या त्या एकुलत्या कोंबडीकडे पाहिलं.

“उद्या त पंधराक होतीन,” ती म्हणाली.